पऱ्हाटीच्या मोळीमागे विजेची गाडी

वांग्याचं भरीत खायला कोल्हापूरहून खानदेशात जायचं, हे ऐकून आमच्या गल्लीनं आधी माझ्याकडं आणि मग आमच्या ह्यांच्याकडं दयेनं बघितलं. "वांगी इथं मिळत नाहीत होय?" असं शेजारच्या वहिनींनी तोंडावर विचारलंसुद्धा. मिळतात की! पण सातपुड्याच्या पायथ्याला, शेतात, केळीच्या पानावर ज्यानं ते भरीत खाल्लेलं नाही, त्याला सांगून काय उपयोग? तोवर आम्हीही खाल्लेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आता खाऊन आलोय, तेव्हा ऐका.

निमित्त होतं सुनंदाच्या लेकीचं. सुनंदा माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, लग्न होऊन यावलच्या बाजूला केळी-कपाशीवाल्या घरात गेली. तिची तेजल इंजिनिअर झाली आणि धुळे जिल्ह्यात, साक्रीकडं, उन्हापासून वीज करायच्या प्रकल्पावर लागली. तिथंच जवळच्या डोंगरावर पवनचक्क्यांची देखभाल करणारा निलेश तिला भेटला. उन्हाचं आणि वाऱ्याचं जमलं. दोन्ही घरं तशी राजी होती, पण निलेशच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजीचा. तिला सगळे अक्का म्हणतात. बोलणी करायला गेलेले तेजलचे वडील, ज्यांना सुनंदासकट अख्खं गाव भाऊच म्हणतं, तिथं भरात येऊन बोलून बसले, "अक्का, आमच्या शेतात या. पऱ्हाटीवरचं भरीत खाऊ घालतो. तसं खाल्लं नाही तर नावाचा भाऊ नाही!" अक्का म्हणाल्या, चाखून बघते, मग बोलते.

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली कपाशीची वाळलेली झाडं. तिकडं भरीताची वांगी तिच्याच जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तिथले लोक भरीत म्हणत नाहीत, आजाऱ्याचं पथ्य म्हणतात. तर अशा रीतीनं एका मुलीची सुपारी वांग्यावर येऊन अडली होती आणि सुनंदानं फोन करून मला बोलावलं होतं. म्हणाली, "तू ये बाई. माझा जीव थाऱ्यावर नाही."

धुळे

आमची गाडी विजेवर चालते. आमच्या ह्यांनी, म्हणजे विलासरावांनी, आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्याबरोबर ती घेतली. तेव्हापासून त्यांचा एक डोळा रस्त्यावर आणि एक बॅटरीच्या आकड्यावर असतो. आकडा खाली सरकला की आधी गाणी बंद, मग एसी बंद, मग माझं बोलणं बंद. हॉर्न द्यायलाही त्यांचा जीव वर येतो. मालेगाव सोडल्यावर एक म्हैस रस्त्यात आडवी उभी राहिली, तर हॉर्न वाजवायचा सोडून हे काच खाली करून "सरक बाई, सरक" म्हणत बसले. म्हैस मजेत ऐकत होती. मागच्या ट्रकवाल्यानं शेवटी आमच्या वतीनं हॉर्न दिला.

धुळ्यात निलेशच्या घरीच मुक्काम करा, असा आग्रह होता. दारात अक्का उभ्या होत्या. ठेंगणी मूर्ती, नऊवारी आणि समोरच्याला आरपार बघणारे डोळे. आमच्याकडं बघायच्या आधी त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टपावर टिचकी मारली आणि विचारलं, "एंजन कोठे शे?"

हे खुलले. असा श्रोता त्यांना फार दिवसांनी मिळाला होता. इंजिन नाही, बॅटरी आहे, वीज भरायची, पेट्रोल लागत नाही, आखातात जहाज अडलं तरी आपलं काही अडत नाही, असं सगळं सांगून झालं.

"वीज कोठून येस?" अक्का.

"उन्हापासून, अक्का. तुमची होणारी नातसून करते की!"

"आनि रातले?"

निलेश मागून म्हणाला, "रातले वारा शे ना, अक्का."

"आनि वारा पडना तं?"

हे गाडीची काच पुसायला लागले. चाळीस मुलांच्या वर्गात ह्यांना असं कोणी कधी अडवलं नसेल. अक्का पदर सावरत घरात वळल्या आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "मंग घरमा काईतरी ठेवनं पडस."

जेवायला शेवभाजी होती. मी जरा ऐटीत म्हटलं, आम्ही कोल्हापूरचे, तिखटाचं आम्हाला काय कौतुक? दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. आमचा तांबडा रस्सा आधी बरा वागतो आणि मग तिखट लागतो. ही शेवभाजी दारातच धरते. अक्का माझ्याकडं बघून हसत होत्या आणि ताटात आणखी शेव घालत होत्या.

जेवण झाल्यावर मी पाय पसरायला म्हणून भिंतीकडच्या खाटेवर टेकणार, तोच अक्का केवढ्यानं तरी ओरडल्या, "त्या खाटवर नका बसा!" मी दचकून उभी राहिले. खाटेखाली लाल ठिगळांच्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. पापड-कुरडया असतील, मोडतील म्हणून जपत असतील, असं मी धरून चालले. आमच्याकडं सांडगे असेच माळ्यावर ठेवतात आणि त्यांच्यासाठी घरात असंच ओरडतात.

निघताना अक्कांनी मला जवळ घेऊन हळूच सांगितलं, "जळगाववालासनं तोंड मोठं शे. मी चाखसू, मंग सांगसू." हसत हसत म्हणाल्या, पण माझा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

साक्री

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेशबरोबर तेजलला घ्यायला साक्रीकडं गेलो. डोंगरावर पवनचक्क्या उभ्या होत्या आणि सगळ्या निवांत. एखादीचं पातं मनात आलं तर हलायचं. मी विचारलं तर निलेश म्हणाला, "मावशी, हिवाळ्यात ह्या अशाच झोपा काढतात. आषाढात या. डोक्यावरचा पदर गुजरातेत जाईल." मग तो आत शिरून वर चढून दाखवतो म्हणाला. मी नको नको म्हणेपर्यंत तो दारातून दिसेनासाही झाला. पुढं तो वरून हात हलवत होता तेव्हा मुंगीएवढा दिसत होता, आणि खाली तेजल मान मोडेस्तोवर वर बघत होती. ती जशी बघत होती ते बघून मला सगळं कळलं.

तेजलचा प्रकल्प म्हणजे निळ्या काचांचं शिवार. आमच्याकडं उसाचे फड दिसतात तशा काचांच्या रांगाच रांगा. फक्त इथं पाण्याची पाळी नाही, रात्रीची मोटर चालू करायला उठणं नाही. धूळ मात्र पुसावी लागते. मधल्या गवतात एका धनगराची मेंढरं चरत होती आणि एक मेंढी काचेच्या सावलीत ऐसपैस बसून रवंथ करत होती. ह्यांनी तिचे बरेच फोटो काढले. स्वच्छ ऊर्जेचा खरा फायदा तिलाच झाला, असं त्यांचं म्हणणं.

हे फोटोत गुंतलेले असताना तेजल माझ्याजवळ आली. हेल्मेट काढून हातात घेतलेलं, कपाळावर त्याचा वळ. "मावशी, अक्कांना भरीत आवडलं नाही तर?"

"वेडी आहेस का? भरीतावरून कोणी लग्न मोडतं?"

"तुम्ही अक्कांना ओळखत नाही. त्या नाही म्हणाल्या तर निलेश पुढं जाणार नाही. त्यांनीच वाढवलंय त्याला." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि त्यांचं मन मोडून आलेला निलेश मलाही नकोय."

ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, चल, तुझ्या वडिलांचं भरीत खाऊन कोणी नाही म्हणून दाखवावंच. म्हटलं खरं.

चोपड्याचा रस्ता

अमळनेरवरून चोपड्याला लागलो. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडं केळी आणि केळीच. घडांनी भरलेले ट्रक समोरून येत होते. आमच्याकडं ट्रकमधून ऊस ओढतात तशी इथं कोणी केळी ओढत नव्हतं, लोक नुसत्या नजरेनं घड मोजत होते. आणि मधूनमधून कपाशीची रानं, पण कशी? हजामत केल्यासारखी गुळगुळीत. एक काडी कुठं नाही.

"बघ!" हे म्हणाले. "पूर्वी हीच पऱ्हाटी बांधावर पेटवून द्यायचे. आता यंत्र येतं, भुगा करून नेतं. त्याच्या कांड्या करून बॉयलरमध्ये, वीज केंद्रात कोळशाबरोबर जाळतात. कोळसा तेवढाच वाचतो. पांढरा कोळसा म्हणतात त्याला. वा, काय स्वच्छ शिवार!"

मागं बसलेल्या तेजलला तेवढ्यानं उत्साह आला. "आमच्या गावात भाऊंनीच सुरू केलं, काका. ग्रामसभेत भाषण केलं."

मग ह्यांचा तास सुरू झाला. जगात कोण कोणाच्या तेलावर जगतं, कोणाची सामुद्रधुनी बंद झाली की कोणाची चूल विझते, आणि शहाणे देश कसं डोंगराच्या पोटात गुहा करून तेल भरून ठेवतात, आपणही ठेवतो, अडीअडचणीला असावं म्हणून. मी म्हटलं, "म्हणजे आपण दुसरा सिलिंडर ठेवतो तसंच ना?" हे म्हणाले, "हो, पण मोठं." मग सिलिंडर आठवून त्यांनी विषय बदलला, कारण आमचा दुसरा निघायच्या दिवशीच संपला होता.

भाऊंच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात दोन पोती वांगी पालथी केलेली. हिरवट पांढरी, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी. आमची काटेरी जांभळी कृष्णाकाठची वांगी त्यांच्यापुढं लाजून देठात शिरली असती. भाऊ म्हणजे उंच, मोठा आवाज, मोठं हसू. "या या, ताई! गाडी तं मस्त आहे तुमची. आवाजच नाही. चोराले बरी!"

चहा झाला. सुनंदा सहज म्हणाली, "भाऊ, दुपार कलायच्या आत पऱ्हाट्या तेवढ्या शेतात टाकून घ्या. उद्या दुपारी पाहुणे येतात."

"आणतो ना. सुधाकरच्या इथून आणतो." सुधाकर म्हणजे शेजारचाच. भाऊंनी कुंपणावरून हाक मारली. "सुधाकर! दोन मोळ्या पऱ्हाटी दे रे भरीताले!"

पलीकडून आवाज आला, "भाऊ, मी तं तुमच्याकडूनच आणणार होतो संक्रांतीनंतर!"

"अरे, म्या तं बठ्ठी इकली."

"म्याबी."

भाऊ गल्लीत गेले. प्रत्येक दारात तेच. मले वाटलं तुमच्याकडं असतीन. आम्हाले वाटलं भाऊकडं असतीन. "एक काडी बांधावर जाळायची नाही, गड्यांनो," असं भाऊंनी ग्रामसभेत ठणकावून सांगितलं होतं, आणि गावानं उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणाचं तरी शंभर टक्के ऐकलं होतं. आपण सगळी दिली तरी शेजाऱ्यानं ठेवलीच असेल, असा ज्याचा त्याचा भरवसा. ज्या गावात भरीताशिवाय हिवाळा जात नाही त्या गावात पऱ्हाटीची एक काडी उरली नव्हती.

मी सुनंदाकडं बघितलं. ती पायरीवर बसली. तेजल कोणाकडंच बघेना.

कोणीतरी म्हणालं, बाभळीची लाकडं आणू. भाऊंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा आपल्या घरी निघून गेला. "शब्द पऱ्हाटीचा दिलाय," भाऊ म्हणाले. मग आमच्या गाडीकडं वळले. "साहेब, चार्जिंग आहे का?"

मोळीच्या शोधात

अशा रीतीनं आम्ही, आमची विजेची गाडी आणि भाऊ, पऱ्हाटीच्या शोधात निघालो. मी मागं, तेजल माझ्या बाजूला. एकेक गाव घेत चाललो. आणि तिथं मला खानदेशचा एक रिवाज कळला, जो आधी कळला असता तर मी भाऊंना गाडीतून उतरूच दिलं नसतं. भरीतासाठी कोणाच्या दारात काही मागायला गेलं की त्याला भरीताचं बोलावणं केल्याशिवाय परत फिरायचं नाही.

"पऱ्हाटी आहे का हो, नाना?"

"नाही ना, भाऊ. सगळी मशीननं नेली."

"बरं, उद्या भरीताले येजा. घरच्यांना घेऊन."

पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात तेच. मी तेजलच्या कानात म्हटलं, "अगं, पऱ्हाटी शून्य आणि माणसं वाढताहेत!" तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मीही हसत होते. पुढं बसलेले भाऊ मात्र गंभीर, आणि हे तर त्याहून गंभीर, कारण बॅटरीचा आकडा उतरत होता.

शेवटी डोंगराच्या अगदी कुशीतल्या पाड्यावर गेलो. पावसाच्या पाण्यावरची तिथली शेती, घरासमोर सरपण नीट रचलेलं. भाऊंचे डोळे चमकले. घरधनी बाहेर आला, भाऊंना ओळखत होता. म्हणाला, "तुरीच्या काड्या शेत, भाऊ. कपाशी आम्ही लावलीच नही यंदा." त्यानं एक मोळी तुराट्यांची देऊही केली. भाऊंनी ती डोळे मिटून हुंगली, मान हलवली, परत दिली, आणि त्याला घरच्यांसकट जेवायला बोलावलं.

अंधारायला लागलं तेव्हा परत फिरलो. सुनंदानं विचारलं, "मिळाली?" हे म्हणाले, "पऱ्हाटी नाही मिळाली. पण आणखी वांगी लागतील."

भुसावळ

सकाळी चहाच्या आधी भाऊ आमच्या खोलीबाहेर उभे. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं होतं, जिथं गेली तिथूनच आणायची. भुसावळच्या बाजूला ज्या कारखान्यात गावाची पऱ्हाटी गेली होती तिथं जाऊन एक मोळी परत मागायची.

तापीवरचा पूल ओलांडला. लांबवर वीज केंद्राची धुराडी दिसत होती. कारखान्याच्या आवारात भुग्याचे डोंगर होते, पण काडी म्हणावी अशी काडी नव्हती. पाचोऱ्याचा एक तरुण मॅनेजर बाहेर आला. आधी त्याला वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलोय, म्हणून तो फार सौम्य बोलत होता. भाऊंनी पोरीची, अक्कांची, शब्दाची, सगळी हकिगत सांगितली.

"भरीताला?" तो एकदम ताठ उभा राहिला. "मग आधी का नाही सांगितलं, भाऊ? काडी तर इथं मिळायची नाही. एकदा आत गेली की कांडीच बाहेर येते." त्यानं मनगटाएवढी जाड, तपकिरी, गुळगुळीत कांडी आणून भाऊंच्या हातात दिली. "पण ही पऱ्हाटीच आहे. दुसरं यात काही नाही. कदाचित तुमच्याच शेतातली."

भाऊंनी कांडी नाकाला लावली. बराच वेळ हुंगली. "माझ्या शेतातली वाटत नाही," ते म्हणाले. मग हळूच, "पण पऱ्हाटी आहे."

पैसे घ्यायला तो पोरगा तयार होईना. भाऊंनी त्याला, त्याच्या मुकादमाला आणि फाटकावरच्या माणसाला भरीताचं बोलावणं केलं. गाडीच्या डिकीत दोन पोती बसली. वजन वाढल्यामुळं घरापर्यंत पोचू का, याचं गणित हे परतीच्या वाटेवर मोठ्यानं करत होते.

भाऊंचं शेत

दुपारी शेतात जत्रा भरली होती. बांधावर केळीची पानं धुऊन ठेवलेली, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताहेत, कांद्याची पात चिरली जातेय, हिरव्या मिरच्यांचा खकाणा उठलाय, आणि मधोमध वांग्यांची आरास. आमच्याकडं गुऱ्हाळावर अशी मजा असते. तिथंही चिपाडांचा जाळ, तिथंही येईल त्याच्या हातात काकवी. फक्त आमच्याकडं माणूस वाट चुकून येतो, इथं भाऊंनी घरोघर जाऊन गोळा केला होता.

आणि कांड्या पेटेनात. हातोडीनं फोडल्या, खाली वाळकी केळीची पानं घातली, रॉकेल घालू का म्हणणाऱ्याला सगळ्यांनी मिळून दटावलं. धूर झाला, डोळे चुरचुरले, जाळ काही धरेना. फुंकून फुंकून भाऊ लालबुंद झाले. बॉयलरात भाता असतो, इथं काय होतं? तेवढ्यात बांधावरून धुळ्याची जीप येताना दिसली.

निलेशनं उतरल्या उतरल्या सगळं ओळखलं. वर बघितलं, पातं हलवायचाही वारा नाही. मग आमच्या गाडीकडं बघितलं. "काका, हिच्यातून वीज बाहेर निघते ना?"

निघते. ती सोय आहे म्हणून तर हे गावभर मिरवतात. पण आजवर ती त्यांनी कोणाला वापरू दिली नव्हती. सुनंदानं घरातून टेबलफॅन पळवत आणला. निलेश वायर घेऊन उभा. ह्यांच्या चेहऱ्यावर काय काय चाललं होतं ते मी इतक्या वर्षांच्या संसारात बघितलं नव्हतं. ज्या माणसानं म्हशीला हॉर्न दिला नाही, त्यानं आता वांग्यांना वारा घालायचा होता. शेवटी तेजल नुसती "काका" म्हणाली. ह्यांनी डोळे मिटले आणि दार उघडलं.

पंखा लागला. निलेशनं तो खाली-वर, तिरपा, थोडा मागं करत बरोबर कोनात आणला, आणि कांड्यांच्या पोटात लाल ठिणगी धरली. मग निखारा पसरला, आणि मग तो वास आला. भाऊ ओरडले, "आला! आला रे!" सगळं शेत टाळ्या वाजवायला लागलं. मॅनेजरनं मुकादमाला मिठी मारली. वांगी फुटायला लागली, साली करपायला लागल्या, आणि मी आनंदानं कोणाच्या तरी बायकोचा हात धरून नाचत होते. ती कोण हे मला अजून माहीत नाही.

अक्का मात्र खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या.

वांगी सोलली, लाकडी भांड्यात मुसळानं ठेचली, मिरच्या-लसूण-शेंगदाणे पडले, वरून तेलाची चरचरीत फोडणी. पहिलं पान अक्कांपुढं. सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात घातलं, आणि चावत राहिल्या. फारच वेळ चावत राहिल्या. तेजलनं माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिची नखं उमटली.

"पऱ्हाटी शे," अक्का म्हणाल्या.

भाऊंनी श्वास सोडला.

"पन दळेल शे."

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी पागोट्याच्या शेमल्यानं कपाळ पुसलं आणि सगळं सांगून टाकलं. आपणच गावाला विकायला लावली, आपल्याकडंच एक काडी राहिली नाही, मोठ्या तोंडानं बोलावलं आणि नाक कापायची वेळ आली, सगळं. "अक्का, चुकलं माझं. पण भरीत पऱ्हाटीचंच आहे. खोटं नाही बोललो." एवढा मोठा माणूस, आवाज बारीक झाला होता.

अक्कांनी पुढचा घास घेतला, तोही संपवला, मग निलेशला हात केला. "जीपवरलं आन."

निलेश जीपच्या टपावर चढला आणि त्यानं खाली उतरवलं ते बघून मी "अगंबाई" म्हणून ओरडलेच. लाल ठिगळांची ती गोधडी! अक्कांनी गाठ सोडली. आत पऱ्हाटीची मोळी होती. कोरडी ठणठणीत, काडी न् काडी सरळ.

"आमना गावमा बी बठ्ठ्यास्नी इकी टाकी," त्या म्हणाल्या. "मी एक मोळी खाटखाले दपाडी ठेयेल व्हती."

"मग आल्या आल्या का नाही दिलीत, अक्का?" भाऊंना राहवेना.

"मानूस आडना का मंग समजस," अक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मनापासून हसल्या. आडलेला माणूस कसा वागतो ते त्यांना बघायचं होतं, आणि त्यांनी बघितलं होतं.

मग त्यांनी तेजलला समोर बसवलं. सुनंदानं कुंकू पुढं केलं, नारळ आणायला कोणीतरी घरी धावलं, पण अक्का थांबल्या नाहीत. तेजलला कुंकू लावलं, तिचा पदर पसरायला लावला, आणि नारळाच्या जागी ती अख्खी पऱ्हाटीची मोळी तिच्या ओटीत घातली. "हाई लगीनना भरीतसाठे शे. आते इकू नका."

सगळं शेत ओरडलं. भाऊ एका हातानं डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हातानं, सवयीनं, तिथल्या तिथं सगळ्यांना लग्नाचं बोलावणं करत होते. सुनंदा रडत रडत "साडीला धस लागेल गं" म्हणत होती. तेजल ती मोळी तान्ह्या बाळासारखी धरून बसली होती आणि निलेश बाजूला वेड्यासारखा हसत उभा होता. जगाचा भूगोल शिकवलेले आमचे हे माझ्या कानाशी लागले आणि म्हणाले, "गुहा. अगं, डोंगरातली तेलाची गुहा ती हीच." मी म्हटलं, "आधी पंखा बंद करा, आपल्याला कोल्हापूरला जायचंय."

परत येऊन आता बरेच दिवस झाले. मनगटावरच्या नखांच्या खुणा गेल्या, वांगी खायची चटक गेली नाही. लग्न वैशाखात आहे. काल सुनंदाचा फोन होता, वऱ्हाडाचा आकडा भाऊंनी कुठवर नेलाय ते सांगताना ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मी विचारलं, "आणि मोळी? मोळी नीट आहे ना?"

"आहे ना. खाटेखाली," ती म्हणाली. "आणि भाऊ त्या खाटेवर कोणाला बसू देत नाहीत."